खाटवाडीचा ऊस

"हे गुऱ्हाळ झालं की मी घरला जाणार," नाथाजीअण्णा म्हणाला. म्हणाला आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं, जसं काही बोललाच नाही.

दुपार होती. दुपारी आम्हाला बोलायची बंदी. उठून बसायचं नाही, वाचायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. क्षयाच्या दवाखान्यात मुख्य औषध तेच, पडून राहणं. सकाळी दूध, अंडं, चमचाभर माशाचं तेल. आठवड्यातनं एकदा बरगड्यांच्या मधे सुई घालून छातीत हवा भरायची, म्हणजे फुप्फुस दबून निवांत राहतं म्हणे. आणि परत पडायचं. मी माधवनगरच्या गिरणीत मागावर होतो. पाळीभर उभा. उभं राहून माणूस दमतो हे मला माहीत होतं. पडून त्याच्या दुप्पट दमतो हे सांगलीबाहेरच्या या माळावर आल्यावर कळलं.

आमच्या ओसरीत चार खाटा. माझ्या उजव्या हाताला नाथाजीअण्णा, कृष्णाकाठचा शेतकरी. डाव्या हाताला बादशाभाई मणेर, खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून गावोगावचे बाजार करणारा. त्याच्या पलीकडं, दाराशी, जतचा धुळाप्पा, मेंढरं राखणारा धनगर.

अण्णाचं बोलणं ऐकून बादशाभाईनं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं. दोघांच्या मनात एकच आलं. अण्णा गेला की मेला.

कारण मागच्या हिवाळ्यात तो असाच गेला होता. ताप जरा उतरला तर म्हणाला, मी बरा झालो. घरी जाऊन गुऱ्हाळावर चार दिवस धुरात उभा राहिला आणि रक्त ओकत बैलगाडीतनं परत आला. आता डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, दुसऱ्या बाजूलाही डाग दिसतोय, अजून साल-दीड साल हलायचं नाही. या खेपेला गेलास तर परत आणायची वेळ येणार नाही.

आणि ज्या गुऱ्हाळासाठी तो थांबला होता ते तर नव्हतंच कुठं. त्याचा घरचा ऊस मेव्हण्यानं कधीच गाळून गूळ सांगलीच्या पेठेत घातला होता. हे गुऱ्हाळ खाटवाडीचं. खाटवाडी म्हणजे आम्ही चौघांनी पडल्या पडल्या वसवलेलं गाव.

ते असं झालं. मागच्या माघात अण्णाला परत आणला तेव्हा तो खाटेवर टिकायचाच नाही. सारखा उठून बसायचा. सिस्टर ओरडायच्या. हा म्हणायचा, लागणीचे दिवस आलेत, रान तयार हाय, आन् मी हितं मढ्यावानी पडलोय. एक दिवस बादशाभाई वैतागला.

"लागण करायची ना? मग हितं पडून कर की."

"कुठं? तुझ्या बोडक्यावर?"

"वर बघ. त्या आढ्यात. किती गुंठं पायजे?"

अण्णा वर बघत राहिला. मग म्हणाला, "दोन एकर. पर चुनखडीचं न्हाई चालायचं."

बस्स, तिथनं सुरू. खाटेवरनं दिसतंय म्हणून खाटवाडी. नाव बादशाभाईचं.

मी पहिल्या दिवशी गावाला दोन्ही बाजूंनी नदी घातली. वीज घातली. आमच्या गिरणीसारखा भोंगाही घालणार होतो. तेवढ्यात दाराकडनं पितळी भांडं वाजलं. धुळाप्पा. त्याचा रोग घशात उतरला होता, बोलायचं बंद केलं होतं डॉक्टरांनी. तो बादशाभाईच्या कानाला लागून कुजबुजायचा आणि बादशाभाई आम्हाला मोठ्यानं सांगायचा.

"धुळाप्पा इचारतोय, नदीला पाणी कुठनं आलं?"

"वरनं."

"वर डोंगुर हाय का?"

डोंगर मी घातला नव्हता.

"मग न्हाई नदी," बादशाभाई म्हणाला. "आन् तो इचारतोय, इजेच्या तारा कुणाच्या बापानं वढल्या?"

असं करता करता गावाला एक ओढा मिळाला, उन्हाळ्यात आटणारा. एक विहीर, मोटेची. धुळाप्पानं स्वतःसाठी काय मागावं? माळ. खडकाळ, कुसळाचा. नुसतं हिरवं गाव बघितलं की त्याला संशय यायचा. माळावर त्यानं आपली मेंढरं सोडली आणि गप्प झाला. मी लय रुसलो होतो तेव्हा. म्हटलं, मनातलंच गाव करायचं तर मनासारखं का नाही करायचं? खरं बघून बघून तर इथं येऊन पडलोय.

बादशाभाईनं मला समजावलं. म्हणाला, "जोत्या, बांगडी वाढत न्हाई गड्या. काच हाय ती. बाईचा हात चोळायचा, मऊ करायचा, बोटं जवळ आणायची, मग सव्वादोनाची बांगडी अडीचच्या हातात जाती. काच वढायला गेलास तर रगात. जे हाय ते हाय. ते काच समज. आपुन मऊ व्हायचं आन् आत शिरायचं."

"आन् न्हाई शिरलं तर?"

"तर दुसरा रंग दावायचा."

माणसं सगळी त्याचीच. चेहरे तो सांगायचाच नाही, हात सांगायचा. "कोपऱ्यावरची अंबूबाई. हात दगडावानी. बांगडी भरताना एक हुं न्हाई की चूं न्हाई. तिच्या नवऱ्याला घरात बोलायची सोय नसणार." लगेच अंबूबाईचा नवरा दिसायला लागायचा, ओट्यावर बसलेला, बिचारा. मानसिंग नावाचा गुळव्या त्यानंच आणला, गूळ रांधणारा. तालेवार माणूस. मान मिळाला नाही की काम सोडून जाणारा.

भांडणं व्हायला लागली म्हणून एक नियम केला. ज्याचं रान, त्याचा शब्द. अण्णाच्या उसात दुसऱ्यानं बोलायचं नाही. माणसं बादशाभाईची. माळ आणि मेंढरं धुळाप्पाची. मला शेतीतलं काही कळत नव्हतं, तर यंत्र असेल ते माझं, आणि आभाळ. आभाळ कुणालाच नको होतं, मला दिलं.

सगळं साल अण्णानं तो ऊस वाढवला. लागण, खुरपणी, मोठी बांधणी. सकाळी ताप बघून झाला की पाणी पाजायचा. "आज चार वाफं भिजलं," म्हणायचा आणि खरंच दमलेला दिसायचा. पण पडलेला असायचा. सिस्टरांनी एकदा विचारलं, हा आता शहाणा कसा झाला? बादशाभाई म्हणाला, "नोकरी लागली त्याला."

आणि आता ऊस तोडीला आला होता. अण्णाचा हिशेब सरळ होता. पीक निघालं की माणसानं उठायचं. भेटीला आलेल्या एका गाववाल्याकडं त्यानं बायकोला निरोपही धाडला, पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन ये.

"आता?" मी बादशाभाईला विचारलं.

"आता गुऱ्हाळच होऊ द्याचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी चरक मोडला. ऊस पिळायचा लोखंडी चरक, यंत्र म्हणजे माझाच. मी म्हणालो, आतली लाट, पिळायचा रूळ, चिरली. अण्णा खूश झाला. खरंच. "व्हतंय असं," म्हणाला, "ऊस वाकडा घातला असंल कुणीतरी." लोहाराला बोलावलं. लोहार बादशाभाईचा, तो बायकोला आणायला सासरवाडीला गेलेला. अण्णानं दोन दिवस वाट बघितली आणि शेजारच्या गावचा चरक उसना आणला.

मग मानसिंग गुळव्या रुसला. का, तर त्याला चहा दिला तो कान तुटलेल्या कपात. अण्णानं सकाळभर त्याची मनधरणी केली. बादशाभाई मानसिंगच्या आवाजात नखरे करायचा, अण्णा हात जोडायचा, मला हसू दाबून खोकला यायचा. शेवटी फेटा दिल्यावर मानसिंग आला.

मग मी पाऊस पाडला.

"माघात?" अण्णा म्हणाला.

"अवकाळी. गारा बी हायत."

अण्णानं माझ्याकडं मान वळवली. बराच वेळ बघितलं. मी आढ्याकडं बघत राहिलो. दाराकडनं भांडं वाजलं, एकदा, दोनदा. धुळाप्पा बादशाभाईच्या कानाला लागला. मला अर्धंमुर्धं ऐकू आलं. तो म्हणत होता, ऊस पिकून पार झालाय, तोडा आता, ही कसली थट्टा.

बादशाभाई वळला आणि म्हणाला, "धुळाप्पा म्हणतोय, ऊस अजून कवळा हाय. रसाला गोडी न्हाई आली. महिनाभर थांबाय पायजे."

असं त्यानं कधी केलं नव्हतं. धुळाप्पाच्या बोलण्याला तो मीठमसाला लावायचा, पण शब्द फिरवला नव्हता. अण्णाच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल पडलं. धुळाप्पा म्हणतोय म्हणजे खरंच असणार. तो कधी खोटं बोलला नव्हता त्या गावात.

"धुळाप्पा म्हणतोय?" त्यानं विचारलं.

तेवढ्यात खाट करकरली. धुळाप्पा उठला होता. त्याला संडासलासुद्धा उठायची परवानगी नव्हती. भिंतीला धरत, माझ्या खाटेच्या दांडीला धरत तो आला. धोतर कमरेवर टिकत नव्हतं, एका हातानं धरलेलं. अण्णाच्या खाटेशी येऊन उभा राहिला. मी उठायला लागलो तर हातानंच मला बस म्हणाला.

"ऊस पिकलाय," तो म्हणाला. आवाज कसला, वाळकं पान चुरडल्यासारखा. "कवाच. ह्यो बादशा खोटं सांगतोय. तोड तू."

"धुळाप्पा," मी म्हणालो, "आवं, तो जाईल की हितनं."

"जाऊं दे."

"मरंल."

तो माझ्याकडं वळला. दम खाल्ला. "जानारा मानूस खोट्यानं ऱ्हात न्हाई, पोरा. आन् खोटं गाव मला नगं. तुमास्नी घरं हायती. तुमी जाशीला. मला ह्ये येकच गाव हाय आता."

मग त्याला खोकला आला. सिस्टर धावत आल्या. त्याला उचलून परत नेलं, आम्हाला सगळ्यांना शिव्या बसल्या. संध्याकाळी धुळाप्पाचा ताप चढला.

अण्णा भिंतीकडं तोंड करून झोपला. दुसऱ्या दिवशीही तसाच. दूध आलं, थंड झालं, गेलं. मी दोनदा म्हणालो, अण्णा, पाऊस थांबलाय. बादशाभाई तर नजरच वर करत नव्हता. खाटवाडीत कुणी काही बोललं नाही त्या दिवशी. मला वाटलं मेलं गाव. ओसरीसमोर माळ होता, त्याच्यावर ऊन होतं, आणि चार माणसं मरायची वाट बघत पडली होती. खरं म्हणाल तर पहिल्यापासनं तेवढंच होतं. मधे सालभर आमच्या ध्यानात नव्हतं, एवढंच.

तिसऱ्या दिवशी अण्णा भिंतीकडं बघतच बोलला.

"बादशा."

"जी."

"मानसिंग हाय का गेला?"

"हाय. चुलवाणापशी बसलाय. लय खजील झालाय."

"त्याला म्हणावं खजील हूं नको. काहील घास." अण्णा उताणा झाला. "आज कोयता लावतो. आन् आजपास्नं माझ्या रानात सगळ्यांनी बोलायचं. माणूसबळ कमी हाय."

मग आम्ही ते गुऱ्हाळ केलं. नीट केलं. काही लपवलं नाही. अण्णा ऊस तोडायचा, शेंड्याचं वाडं छाटून बैलांपुढं टाकायचा. चरक माझ्याकडं. मला आधी चरक म्हणजे नुसतं यंत्र वाटायचं, आता अण्णानं सांगितलं, बैल कसे फिरतात, त्यांना जुंपलेली लांब दांडी, आड, कशी डोक्यावरनं जाते, ऊस घालणाऱ्याची बोटं कशी जातात. शेजारच्या गावात एकाची चार गेली होती. मी बोटं सांभाळून घालायला लागलो. पिळलेल्या उसाची चिपाडं वाळवून तीच जाळायची. चुलवाणात जाळ घालणारा माणूस नव्हता तर मीच बसलो. मला उकडायला लागलं. खोटं नाही सांगत, अंगाला घाम आला. तापाचाही असेल.

मानसिंग काहिलीवर. रसाला उकळी आली, मळी वर आली, ती काढली. राहिलेला मळ सुटावा म्हणून रानभेंडीचं पाणी घातलं. रस आटत चालला तसा बादशाभाईचा आवाज खाली खाली गेला, नुसता पुटपुटायला लागला. "बुडबुडा मोठा झाला. आता बारीक. आता फुटतोय तो फट्‌ करून फुटतोय. थांब. जाळ वढ, जोत्या, वढ भायेर!" मी जाळ ओढला. मानसिंगनं पाकाचा थेंब पाण्यात सोडला, गोळी झाली. काहील उतरवायला चौघं लागतात. चौघं होतो.

गूळ निवायच्या वाफ्यात ओतला. थंड झाला. मग दाराकडनं कुजबुज आली. ताप होता तरी तो जागा होता. बादशाभाई ऐकून घेऊन म्हणाला, "धुळाप्पा म्हणतोय, काळा झालाय."

अण्णा हसला. किती दिवसांनी. "पिकून पार झाल्यावर आठ दिस उभा ठिवला, मग काय पिवळाधमक व्हतोय? ह्या दोन चोरास्नी इचारा."

"मी तर आभाळाचा मानूस," मी म्हणालो.

"तुझ्या गारांनीच गेला रंग."

सगळा ऊस गाळायला चार-पाच दुपारी लागल्या. शेवटच्या दुपारी बादशाभाईनं गावातल्या घराघरात काकवी वाटली. अंबूबाईनं हात पुढं केला नाही, भांडं पुढं केलं. मग रान मोकळं झालं. अण्णा म्हणाला, "झालं." मी म्हणालो, "झालं." असं वाटलं, खोटंच बरं होतं. निदान तो राहिला असता. मग वाटलं, नसता राहिला. काहीच कळेना. दमलो होतो.

गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. बनुबाई, अण्णाची बायको, स्वतः हाकत आलेली. दीर हंबीरराव लढाईवर, घरी दुसरा पुरुष नाही. बाई उंच, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, आवाज सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असा. गाडीत तिनं गवताचं पिंजर जाड अंथरलं होतं, त्याच्यावर घोंगडं, त्याला झोपून जाता यावं म्हणून.

"डाक्टर काय म्हणाला, ठावं हाय ना?" आल्या आल्या तिनं अण्णाला विचारलं.

"हाय."

"तरी येणार?"

"तरी येणार. झालं आमचं गुऱ्हाळ."

"कवाच झालं. दादा गूळ घालून बी आला की सांगलीला."

"ते न्हवं. हितलं."

तिनं आमच्याकडं बघितलं. बादशाभाईनं तिला सगळं सांगितलं. गाव, विहीर, दोन एकर, मानसिंग, सगळं. ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती.

"म्हंजी पडल्या पडल्या शेती?" ती म्हणाली. "आरं देवा. आसली शेती आसती तर मी बी पडली आसती की जल्माची."

धुळाप्पाच्या खाटेतनं एक आवाज आला. तो हसत होता.

बनुबाई खाली बसली आणि अण्णाचं सामान एका धोतरात बांधायला लागली. तांब्या. दुसरा सदरा. चादर. अण्णा खाटेच्या काठावर बसून पायात वहाणा चढवत होता. अंगठा वहाणेत जात नव्हता. कुणी मदत केली नाही. करवली नाही.

गाठ मारता मारता, वर न बघता ती म्हणाली, "आन् खोडवा ठिवला का मोडला?"

अण्णाचा हात थांबला.

"खोडवा म्हंजे काय?" मी विचारलं.

"ह्यो कुठला वो?"

"गिरणीतला," बादशाभाई म्हणाला.

"तरीच." ती माझ्याकडं वळली. "आरं, ऊस तोडला म्हंजी संपला व्हय? बुडकं रानातच ऱ्हात्यात की. वाळल्या पाल्याचं पाचट जाळायचं, बुडकं तासायचं, पाणी द्याचं. परत फुटतोय. लागणीची मेहनत वाचती. त्यो खोडवा." मग अण्णाला म्हणाली, "आवं, ठिवला का मोडला? नांगरून टाकला तर बरं. न्हाईतर बुडकं तसंच सोडून मालक गाडीत बसला, असं व्हईल. म्या घरी आसं केलं आस्तं तर माझा उद्धार केला आस्ता तुमी."

ती मुद्दाम म्हणाली का? मी पुष्कळदा विचार केला. मला नाही वाटत. तोडलेल्या उसाचं कुठलीही शेतकऱ्याची बाई हेच विचारणार. पाऊस झाला का, गाय व्याली का, तसं.

पण अण्णा बसून राहिला. आढ्याकडं बघितलं त्यानं. आम्ही सगळ्यांनी बघितलं. मला दिसत होतं, दोन एकर उघडं रान, पाचट पसरलेलं, आणि जमिनीबरोबर कापलेली बुडकी.

"मोडलेला न्हाई," अण्णा म्हणाला. "ध्यानातच न्हाई आलं."

धुळाप्पाचं भांडं वाजलं. बादशाभाई त्याच्याकडं वाकला. खूप वेळ ऐकलं. मग उठून बसला आणि आधी अण्णाला म्हणाला, "ह्यात माझं एक अक्षर न्हाई, कसम खुदाची." मग सांगितलं, "धुळाप्पा म्हणतोय, मेंढरं त्याची माळावर हायती. हिरवं दिसलं की ती खाली उतरणार. मालक असंल तर तो राखंल. मालक नसंल तर मेंढराला काय कळतंय? कोंब खाणार ती. तो अडवणार न्हाई."

"बरोबर हाय," अण्णा म्हणाला. "मेंढरं खाणारच."

एक वहाण पायात, एक खाली. बाहेर बैल मान हलवत होते, घुंगरांचा आवाज येत होता. मी श्वास धरला होता, डॉक्टरांनी नको सांगितलेलं असताना.

"खोडव्याला उतारा कमी," अण्णा म्हणाला. कुणाला म्हणाला कळलं नाही.

"कमी तर कमी," बनुबाई म्हणाली. आवाज आता तेवढा मोठा नव्हता. "हाय ते येऊं दे."

"पहिल्यावानी ऊस न्हाई यायचा त्यो. बारीक यायचा."

"बारीक तर बारीक."

तिनं बोचकं मांडीवर धरलं होतं. सोडत नव्हती, देत नव्हती. अण्णानं तिच्याकडं बघितलं, मग खाली वाकून पायातली वहाण काढली. काढायलाही वेळ लागला. दोन्ही वहाणा त्यानं खाटेखाली सरकवल्या आणि आडवा झाला. तोंडातनं "आई गं" निघालं, म्हातारा माणूस टेकतो तसं. बरं वाटल्याचं नव्हतं ते. हरल्याचंही नसावं. अजून एक साल पडायचं, एवढं त्याच्या अंगाला कळलं होतं.

"बनू," तो म्हणाला, "बैलं लांबनं आल्यात. त्यास्नी काय खायाला घाल."

ती उठली. बोचकं खाटेवर ठेवलं आणि बाहेर गेली. गाडीतलं घोंगडं झटकून घडी घातली. मग खाली अंथरलेलं सगळं पिंजर दोन्ही हातांनी ओढून काढलं आणि बैलांपुढं टाकलं. वारा होता. निम्मं गवत माळावर उडत गेलं. ती उडालेलं गोळा करत होती, परत आणून टाकत होती, परत उडत होतं.

बादशाभाई पालथा पडला होता, तोंड उशीत. धुळाप्पा डोळे मिटून होता. मला झोप येत होती. सालभर असंच, मग खोडव्याचं गुऱ्हाळ, मग परत हेच सगळं. हे कुणीतरी बोलायला हवं होतं, पण कुणाच्यात त्राण नव्हतं.

"जोत्या," अण्णा म्हणाला, डोळे मिटूनच, "आभाळ तुझ्याकडं हाय. पाचट पेटवायचंय. वारा कसा हाय बघ."

मी बाहेर बघितलं. बनुबाईच्या पदरात गवत भरलं होतं आणि पदर आवरत नव्हता.

"लय सुटलाय, अण्णा," मी म्हणालो. "आज पेटवू नका. अंबूबाईचं घर जाईल."

"मग ऱ्हाऊं दे," तो म्हणाला. "उद्या बघू."